अर्धा तोळा दारू, तोळाभर गोळी
वाचकांचे प्रश्न : ठासणीच्या बंदुका

खंडेनवमीला घरोघरची जुनी हत्यारं पाटावर येतात आणि त्यानंतर या सदराकडे ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या, बंदुकांविषयी पत्रं येतात. यंदा निम्मी पत्रं अमेरिकेतल्या मुलांच्या नि भाच्यांच्या वतीने आली आहेत. तिथल्या पुष्कळ राज्यांत ठासणीच्या बंदुकीने शिकार करायचा वेगळा हंगाम असतो. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये शिकारीला बंदी आहे. तेव्हा शिकारीच्या बाराबद्दल (बार म्हणजे एका वेळी भरून उडवायची दारू-गोळी) खाली जे लिहिलं आहे ते तिथल्या परवानाधारकांसाठी. इथे ते फक्त वाचावं.

प्रश्न : मुलगा कोलोरॅडोत नोकरीला आहे. हरणाच्या शिकारीसाठी त्याने ५० कॅलिबरची (म्हणजे नळीचा आतला व्यास अर्धा इंच), तांब्याच्या स्फोटक टोपीवर उडणारी ठासणीची रायफल घेतली आहे. सोबतच्या पुस्तिकेत गोल गोळीसाठी दारू ‘५० ते १०० ग्रेन’ अशी लिहिली आहे. तो म्हणतो, सरळ १०० भरतो, जोर कमी पडायला नको. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : नाही. पुस्तिकेतला वरचा आकडा नळी किती सोसेल ते सांगतो. बंदूक कितीवर नेमकी मारेल हे त्यावरून कळत नाही. ते प्रत्येक बंदुकीचं वेगळं निघतं, एकाच कारखान्यातल्या लागोपाठच्या दोन नगांचंसुद्धा.

आधी मापं बघू. ७००० ग्रेनचा एक पौंड, साधारण साडेपंधरा ग्रेनचा एक ग्रॅम. सराफ्यातल्या जुन्या काट्यावर बोलायचं तर तोळा १८० ग्रेनचा, मासा १५ ग्रेनचा. ५० कॅलिबरमध्ये बसणारी ०.४९० इंच व्यासाची शिशाची गोळी १७७ ग्रेन भरते, म्हणजे तोळ्याला दीडएक गुंज कमी. ९० ग्रेन दारू म्हणजे सहा मासे, अर्धा तोळा. गोळीच्या वजनाच्या निम्मी दारू हा ठोकताळा फार जुना आहे. या बंदुकीत तो ९० च्या आसपास येतो आणि हरणासाठी ५० कॅलिबरमध्ये बहुतेक जाणते शिकारी ७० ते ९० मध्येच थांबतात. ५४ कॅलिबरची ०.५३० इंची गोळी २२४ ग्रेनची. तिथे ८० ते ११०.

यापुढे दारू वाढवून फारसं का मिळत नाही, त्याची दोन कारणं आहेत. पहिलं नळीतलं. काळ्या दारूला (सोरा, गंधक, कोळसा यांच्या जुन्या दारूला) जळायला जागा लागते. अनुभवी मंडळी एक हिशेब करतात : नळीच्या आतलं घनफळ घन इंचांत काढायचं आणि दर घन इंचाला साडेअकरा ग्रेन धरायचे. ५० कॅलिबरच्या २८ इंची नळीचं घनफळ साडेपाच घन इंच, म्हणजे दारू ६३ ग्रेन. याच्यावर भरलेली दारू वाया जाते असं नाही. पण पुढच्या प्रत्येक ग्रेनमागे मिळणारा वेग घटत जातो आणि धक्का, धूर, काजळी मात्र वाढतच जातात. हा हिशेब म्हणजे लक्ष्मणरेषा नव्हे. खर्चाच्या मानाने उत्पन्न कुठून घसरायला लागतं ते तो दाखवतो, इतकंच.

दुसरं कारण हवेतलं, आणि ते जास्त महत्त्वाचं. गोल गोळी हवा फार वाईट कापते. तोंडाशी सेकंदाला १८०० फुटांनी निघालेली गोळी १०० यार्डांवर (९१ मीटर) पोचेपर्यंत वेगाचा ४० टक्के भाग घालवून बसते. जितकी जोरात सोडाल तितकी हवा तिला जास्त अडवते. म्हणून १०-२० ग्रेन जास्त घालून तोंडाशी जे शंभरेक फूट कमावले, त्यातले १०० यार्डांवर निम्मेही हातात राहत नाहीत. हरणाला लागते ती गोळी १०० यार्डांवरची असते.

आता मुलाने करायचं काय? पाठीमागे मातीचा बांध असलेल्या रेंजवर जावं, बंदूक वाळूच्या पिशव्यांवर टेकवावी, कागद ५० यार्डांवर लावावा. सुरुवात ५० ग्रेन टू-एफ (मध्यम दाण्याच्या) दारूने करावी. कॅलिबरच्या आकड्याएवढे ग्रेन ही सुरुवातीची सोपी खूण. पाच गोळ्या झाडून त्यांचा घोळका मोजावा : सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत. मग पाच-पाच ग्रेननी चढत जावं : ५५, ६०, ६५. गोळी, गोळीभोवतीचं कापड, वंगण, टोपी यांत काही म्हणजे काही बदलायचं नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कागदावरचा फरक कशामुळे पडला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. प्रत्येक बारानंतर नळी एकदा ओलसर आणि एकदा कोरड्या फडक्याने पुसायची. प्रत्येक रकमेला नवा कागद घ्यायचा आणि त्यावर ग्रेन, हवा, वंगण लिहून ठेवायचं.

घोळका सरळ रेषेत सुधारत नाही. तो आवळतो, सुटतो, पुन्हा आवळतो. पहिला आवळलेला घोळका ६० च्या आसपास दिसला तर तो निशाणेबाजीचा बार. शिकारीसाठी ७० ते ९० मध्ये पुन्हा कुठे आवळतो ते बघावं. समजा ८० वर घोळका दीड इंचाचा आणि ९५ वर चार इंचांचा आला, तर ८० घ्यावा आणि विषय संपवावा. ठरलेल्या रकमेच्या पाच ग्रेन खाली-वर पुन्हा तपासून घ्यावं. शेजारीही घोळका बराच आवळ असेल तर तो बार भरवशाचा. एकाच आकड्यावर साधला असेल तर बहुधा योगायोग.

मग अंतर ठरवायचं. सहा इंचांची कागदी ताटली ५०, ७५ आणि १०० यार्डांवर लावून, शिकारीला जसं बसू किंवा उभं राहू तसंच राहून झाडावं. पाचही गोळ्या जिथपर्यंत ताटलीत पडतात तिथपर्यंत शिकार. त्यापलीकडे हरीण कितीही देखणं असलं तरी चाप ओढायचा नाही. बऱ्याच जणांची हद्द ७५ यार्डांवर संपते. ती दारू वाढवून पुढे सरकत नाही, सरावाने सरकते.

कोलोरॅडोच्या नियमांतल्या तीन गोष्टी त्याला कळवा. ठासणीच्या हंगामात हरणासाठी किमान ४० कॅलिबर आणि एल्कसाठी (तिथलं मोठं हरीण) किमान ५० लागतं, दुर्बीण चालत नाही आणि दारूच्या दाबलेल्या वड्या चालत नाहीत. दारू सुटीच हवी. नियमांची पुस्तिका दरवर्षी निघते, तेव्हा त्या वर्षीचीच बघावी.

प्रश्न : वरच्याच बंदुकीसाठी मुलाने काळ्या दारूऐवजी पायरोडेक्स आणलं. मापाच्या नळकांड्यात ८० ची खूण भरून ते इलेक्ट्रॉनिक काट्यावर टाकलं, तर ६० च्याही खाली आलं. नळकांडं खोटं आहे का?

उत्तर : नळकांडं ठीक आहे, काटा बाजूला ठेवा. ठासणीच्या बंदुकीत ‘ग्रेन’ हे आकारमानाचं माप आहे : तेवढ्या ग्रेन वजनाच्या काळ्या दारूला जितकी जागा लागते तितकी जागा. पायरोडेक्स ही काळ्या दारूच्या जागी वापरायची हलकी दारू. तेवढ्याच जागेत ती वजनाने साधारण ३० टक्के कमी भरते आणि कामही साधारण तितकंच करते. म्हणून ती मापाने भरायची. काट्यावर तोलून पुरती ८० ग्रेन भरली तर मापाने ती ११० च्या वर जाते. ही चूक सोनाराच्या काट्याची सवय असलेली आपली माणसं हमखास करतात.

ट्रिपल सेव्हन ही अशीच दुसरी पर्यायी दारू वापरायची असेल तर आणखी एक पथ्य. ती त्याच मापाला काळ्या दारूपेक्षा जोरकस आहे. उत्पादकच १५ टक्के कमी भरायला सांगतात. म्हणजे ८० च्या जागी ६८. दारूची जात बदलली, किंवा जात तीच ठेवून कंपनी बदलली, की पाच-पाच ग्रेनचा सगळा प्रयोग पहिल्यापासून.

आणि एक गोष्ट कधीच करायची नाही : काडतुसात असते ती बिनधुराची आधुनिक दारू ठासणीच्या नळीत घालणे, मग ती मापाने असो की वजनाने, पूर्ण असो की चिमूटभर मिसळलेली. काळ्या दारूचा दाब मर्यादेत राहतो आणि नळी त्याच दाबाच्या बेताने केलेली असते. बिनधुराच्या दारूचा दाब कित्येक पट चढतो, नळी बुडाशी फाटते, आणि तिथेच डावा हात असतो.

दारू शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत ओतायची नाही. आधी मापात, मग नळीत. मागच्या बाराचा निखारा आत राहिला असेल तर मापातली अर्धा तोळा दारू भुर्रकन जाईल. शिंग लावलेलं असेल तर पाऊण पौंड हातात फुटेल.

प्रश्न : टू-एफ, थ्री-एफ म्हणजे काय? दुकानदार थ्री-एफ ‘जास्त चांगली’ म्हणतो.
— एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : एफ जितके जास्त तितका दाणा बारीक. बारीक दाणा लवकर जळतो, दाब लवकर चढतो, मागे काजळी थोडी कमी राहते. ४५ कॅलिबर आणि त्याखाली थ्री-एफ, ५० आणि वर टू-एफ अशी ढोबळ वाटणी. ५० मध्ये थ्री-एफ वापरणारे पुष्कळ आहेत, पण ते टू-एफच्या मापात १० ते १५ टक्के कपात करतात. फोर-एफ फक्त चकमकीच्या (दगडाच्या ठिणगीने उडणाऱ्या) बंदुकीच्या कानाला, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या भोकाला, रंजक (पेटवणाची दारू) म्हणून, नळीत नाही.

प्रश्न : पहिल्या दोन गोळ्या एकमेकींना चिकटून लागतात, तिसरी हातभर बाजूला जाते. शिवाय गोळीभोवतीचं कापड पुढे पडलेलं सापडतं ते चिंध्या होऊन. दारू जास्त होते आहे का?
— एक वाचक, अलकापुरी, वडोदरा (जावयाच्या वतीने, टेक्सस)

उत्तर : दारू कदाचित जास्त असेलही, पण आधी कापड वाचायला शिकावं. बाराचा सगळा पंचनामा त्यात असतो.

०.५०० च्या नळीत ०.४९० ची गोळी म्हणजे दोन्ही अंगांना इंचाचे फक्त पाच हजारांश भाग मोकळे. त्यात १५ हजारांश जाडीचं कापड दाबून बसवायचं. तेच नळीच्या आतल्या पिळदार खोबणी भरतं, गोळी फिरवतं आणि मागचा जाळ पुढे जाऊ देत नाही. कापड निव्वळ सुती, घट्ट विणीचं हवं. आपल्याकडे गादीपाट म्हणतात त्या जातीचं उत्तम. नवं कापड खळ जाईपर्यंत धुऊन घ्यायचं. टेरिकॉटची भेसळ नको. ते वितळून नळीला चिकटतं.

झाडलेलं कापड तोंडापुढे पाच ते पंधरा यार्डांत सापडतं. उचलून उजेडात धरा. कडा विसकटलेल्या, मधे गोळीच्या आकाराचा काळा डाग, बाकी कापड शाबूत आणि धुऊन पुन्हा वापरता येईल असं, तर सगळं ठीक. गोळी जिथे नळीला टेकते त्या वर्तुळावर करपट भोकं असतील तर कापड पातळ आहे किंवा वंगण कमी. जाळ बाजूने निसटतो आहे. अशा वेळी आधी १८ हजारांशचं कापड घेऊन बघा, वंगण वाढवा, दारू आणि गोळीच्या मधे एक कोरडी सुती चकती टाकून बघा. मधला भाग उडून जाऊन नुसती कडी उरली असेल तर दारू दहा ग्रेन उतरवा.

कापड करपलेलं नसून कापलेलं असेल, चिरा ठरावीक अंतराने नि सरळ असतील, तर दोष दारूचा नाही. नळीतल्या पिळांच्या कडा किंवा तोंडाची कड धारदार आहे. ताडून बघायला दारू न घालता कापडासह गोळी दोन बोटं आत ढकला आणि स्क्रू लावलेल्या गजाने बाहेर ओढा. तेव्हाच चिरा दिसल्या तर तोंडाची कड घासून गोलसर करून घ्यावी लागेल. ते काम बंदूक बनवणाऱ्याचं. नव्या नळीचे पीळ शंभरेक बारांत आपोआप गुळगुळीत होतात.

तिसरी गोळी भरकटते ती काजळीमुळे. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त भाग घन राखेच्या रूपात उरतो आणि त्यातला बराचसा नळीला चिकटतो. कोरड्या हवेत तो खडखडीत होतो, दमट हवेत चिकट. तिसऱ्या गोळीला गज जड जायला लागला की समजावं. उपाय तोच : प्रत्येक बारानंतर ओलं फडकं, मग कोरडं. वंगण पेट्रोलियमचं नको. जळून त्याचं डांबर होतं. चरबी आणि मधमाशीचं मेण हे जुनं मिश्रण. शाकाहारी घर असेल तर मेणात ऑलिव्ह तेल. चरबीवरून १८५७ मध्ये आपल्या भागात काय झालं ते ग्वाल्हेरकरांना सांगायला नको.

एक बारकावा निशाणेबाज विसरतात. शिकारीत गोळी एकच, आणि ती स्वच्छ, थंड नळीतून जाते. त्यामुळे पाचांच्या घोळक्यापेक्षा रोजची पहिली गोळी कुठे पडते ते जास्त मोलाचं. सकाळी भरण्यापूर्वी नळीतलं तेल स्पिरिटच्या फडक्याने काढा, नुसती टोपी लावून नळीचं तोंड गवताच्या पात्याशी धरा आणि टोपी फोडा. पातं हललं तर वाट मोकळी.

प्रश्न : भाचा पेनसिल्व्हेनियात चकमकीची बंदूक वापरतो. ठिणगी पडते, रंजक फुर्र करून उडतं, आतला बार उडत नाही. डिसेंबरच्या थंडीत तर हे रोजचंच. आणि एकदा गोळी ठासल्यावर दारू घालायचीच राहिली होती! ती काढायची कशी?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : पहिली गोष्ट सवयीची. बार उडाला नाही तर नळी निशाणाकडेच धरून सावकाश साठ अंक मोजायचे. आत एखादा दाणा धुमसत असतो आणि बार उशिरा सुटतो. नेमकं तेव्हाच माणूस तोंडाशी डोकावतो.

पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर हरणांसाठी चकमकीच्या बंदुकांचा वेगळा हंगाम असतो आणि हरणासाठी ४४ कॅलिबर किंवा मोठी लागते. त्यासाठी खरी काळी दारूच घ्यावी. पायरोडेक्ससारख्या दारूला पेटायला जास्त उष्णता लागते. चकमकीच्या जाळावर ती भरवशाने पेटत नाही. भाच्याने तीच घातली असेल तर दुखणं तिथेच सापडलं.

दारू खरी असेल तर रंजकपात्र बघा. बहुतेक जण ते काठोकाठ भरतात. कान रंजकाखाली बुजला की त्याची वात होते : आधी कानातली दारू जळत जळत आत जायची, मग बार. फोर-एफ दोन-तीन ग्रेन पुरते. पात्राचा तिसरा हिस्सा भरा, कान उघडा दिसला पाहिजे. आत जायचा असतो तो जाळाचा झोत. भरण्यापूर्वी कानात तार घालून साफ करा. चकमकीचा दगड चामड्याच्या तुकड्यात आवळलेला आणि पोलादाच्या पाटीला धार सबंध लांबीने टेकणारी हवी. एकच कोपरा टेकत असेल तर ठिणग्या निम्म्या.

थंडीचं कारण वेगळं आहे. गार बंदूक संध्याकाळी उबदार घरात आणली की लोखंडाला आतून-बाहेरून घाम फुटतो, दारू दमट होते. रात्री नळी रिकामी करून, साफ करून ठेवणं हा सर्वांत बिनचूक उपाय. भरलेली बंदूक घरात आणायची नाहीच.

दारूविना बसलेल्या गोळीसाठी : कान तारेने मोकळा करा, त्यातून चिमटी-चिमटीने थ्री-एफचे दाणे आत सारा, पाच ग्रेन गेले तरी पुष्कळ. मग गज घालून गोळी तळाशी टेकली आहे याची खात्री करा, रंजक घाला आणि बांधाकडे तोंड करून उडवा. गोळी तळाशी टेकवण्याची पायरी वगळू नका. दारू आणि गोळी यांच्यामध्ये हवा राहिली तर दाब तिथे एकवटतो आणि नळीला कायमचा फुगवटा येतो. म्हणूनच गजावर दोन खुणा असाव्यात : नळी रिकामी असताना गज तोंडाशी कुठवर येतो ती एक, आणि ठरलेला बार ठासल्यावर कुठवर येतो ती दुसरी. दुसरी खूण तोंडाच्या वर राहिली तर गोळी अजून खाली जायची आहे. खाली गेली तर दारू कमी आहे किंवा नाहीच. भाच्याचा प्रश्न या एका रेघेने सुटला असता.

प्रश्न : देपालपूरकडे शेती आहे. रोजडे (नीलगायी) हरभरा संपवतात. ठासणीच्या बंदुकीने छर्रे मारून घाबरवलं तर चालेल का?
— एक शेतकरी, इंदूर जिल्हा

उत्तर : नाही. जखमी करणं हीसुद्धा कायद्याने शिकारच. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कारणं नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. अर्ज वन खात्याकडे करा. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे, पण तो परवाना बंदूक बाळगण्याचा. जनावर मारण्याची मुभा त्यातून मिळत नाही. हे दोन वेगवेगळे कागद आहेत आणि गल्लत केली की खटला होतो.

प्रश्न : पणजोबांची टोपीची बंदूक माडीवरच्या भिंतीवर आहे. दर खंडेनवमीला पूजा होते. यंदा मुलांनी घोडा ओढून पाहिला तेव्हा काळजात धस्स झालं. ती भरलेली आहे का, हे कसं ओळखायचं? परवाना लागतो का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : भरलेली आहे असंच धरून चाला. पूर्वी घरातली बंदूक भरूनच टांगायचे, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते.

आधी टोपीच्या नळीकडे, म्हणजे घोडा जिथे आपटतो त्या बोंडाकडे बघा. त्यावर तांब्याची टोपी बसलेली दिसली तर घोड्याला हात लावू नका, टोपीवर पातळ तेलाचे थेंब सोडा आणि पुढचं सगळं जाणकारावर सोपवा. टोपी नसेल तर बंदूक आडवी, तोंड रिकाम्या भिंतीकडे. कोणीही तोंडासमोर नको. लाकडाची किंवा पितळेची सरळ काठी हलकेच आत सोडा. लोखंडी सळई नको. तळाशी टेकताना ‘खण्ण’ असा लोखंडाचा आवाज आला तर बरं लक्षण, ‘ठप्प’ असा मऊ आवाज आला तर आत काहीतरी आहे. तोंडाशी काठीवर पेन्सिलने रेघ मारा, काठी बाहेर काढा आणि तीच रेघ तोंडाशी जुळवून नळीवर बाहेरून ठेवा. काठीचं टोक बोंडापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. दोन-तीन बोटं अलीकडेच थांबलं तर बार आत आहे. बोटभर किंवा त्याहून कमी फरक गंजामुळे, कोळ्याच्या जाळ्यामुळे किंवा तळाच्या अरुंद घडणीमुळेही पडतो, पण शंका असेल तर भरलेलीच.

भरलेली निघाली तर स्क्रूने खेचू नका, झाडून मोकळी करू नका, बुडाचा पेच सोडवायला तापवू तर नकाच. अशी नळी आतून किती खाल्ली गेली आहे ते बाहेरून दिसत नाही. बोंडातून आणि तोंडातून पातळ तेल सोडून चार-आठ दिवस मुरू द्या आणि परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याला घरी बोलवा. रस्त्याने नेणार असाल तर आधी पोलिस ठाण्याला लेखी कळवा.

परवान्याचं असं : शस्त्र कायद्याच्या कलम ४५ नुसार जुन्या घडणीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकळीला आलेलं हत्यार दुरुस्त करूनही झाडता येत नसेल, तरच त्याला कायदा लागू होत नाही. ‘पणजोबांची आहे’ एवढं पुरेसं नाही. नळी, बोंड आणि घोडा शाबूत असलेली टोपीची बंदूक झाडता येते, म्हणजे तिला परवाना हवा. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत जाऊन तिची नोंद आणि अवस्था लेखी करून घ्या.

पूजेबद्दल. ओलं गंध, कुंकू आणि झेंडूचा रस लोखंडावर राहिला की वर्षभरात तिथे खड्डा पडतो. तुमच्याकडे नळीच्या वरच्या बाजूला ओळीने गंजाचे गोल ठिपके असतील, बघा. टिळा दस्त्याच्या लाकडावर लावा, आणि नळीवर लागलाच तर त्याच संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवा. गंज काढायला पॉलिश पेपर किंवा लिंबू-राख नको. त्याने जुनी कोरीव नक्षी आणि कारागिराच्या खुणा जातात. तेल आणि मऊ पितळी घासणी पुरे.

प्रश्न : (त्याच वाचकांचा) मुलगा ह्यूस्टनला असतो. ही बंदूक त्याच्याकडे पाठवता येईल का?

उत्तर : नाही. शंभर वर्षांपुढची असेल तर ती १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि अशी वस्तू देशाबाहेर पाठवायचा अधिकार खासगी माणसाला नाही. मुलाला तिथे नवी घेऊ द्या. नवी नळी असेल तर दारू किती भरायची ते तरी ठरवता येतं.